हेच का ते दुखणं?

उसाच्या फडातून ती थेट आमच्या कॅज्युअल्टीत आली होती. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, बाह्यांना पाचटाची कूस चिकटलेली, डोक्याला घट्ट रुमाल. पहाटेचे साडेचार वाजलेले. नवऱ्याच्या कडेवर झोपलेलं पोर. तो दारातूनच म्हणाला, "म्याडम, हिच्या काळजात दुखायलंय. दोन दिस झाले. आता श्वास बी घिऊ देईना."

वय तिशीच्या आतबाहेर. बीडकडची टोळी. कोयत्याने ऊस तोडायचा, पाला सोलायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रॉलीत चढायचं, आणि ट्रॉली भरेपर्यंत थांबायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षं कॅज्युअल्टी बघते. गळीत हंगाम सुरू झाला की छाती धरून येणाऱ्यांत ही माणसं दिसू लागतात, आणि बहुतेक सगळी एकच शब्द घेऊन येतात: काळीज.

छातीत दुखतंय म्हणून कोणीही दारात आलं, मग वय विशीचं असो की सत्तरीचं, दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. हा नियम जगभर मानतात, आणि आमच्याकडे सिस्टर तो माझ्याहून कडक पाळतात. पडदा ओढला, शर्टाची बटणं सोडली, जेली लावली. छातीवरच्या सहा लीड, म्हणजे ईसीजीच्या तारांची टोकं, अंदाजाने लावायच्या नसतात. गळ्याखालच्या खड्ड्यापासून बोट खाली सरकवत आणायचं. साधारण दोन इंचांवर छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो, त्याला लुईचा कोन म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी. तिथून मोजत उतरायचं. चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या खोबणीत, हाडाच्या कडेला, उजवीकडे पहिली लीड आणि डावीकडे दुसरी. म्हणजे लीड लावणाऱ्या सिस्टरचं बोट नेमकं त्याच सांध्यांवरून जातं जिथे ही दुखणी दडलेली असतात. माझ्याआधी रोग त्यांच्या हाताला लागतो, असं कितीदा झालंय. त्या दिवशीही तसंच झालं. बोट डाव्या तिसऱ्या बरगडीवरून गेलं आणि ती कळवळली, "अगं माय!"

ईसीजी नीट होता. नाडी, बीपी, ऑक्सिजन नीट. ताप नाही. पाय सुजलेले नाहीत, हल्लीचं बाळंतपण नाही, गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. हे सगळं विचारावं लागतं, कारण श्वास घेताना चमक मारणारं प्रत्येक दुखणं बरगडीचंच असतं असं नाही. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी अशीच टोचते, फुप्फुसाभोवती हवा साचली तरी अशीच टोचते. स्टेथो लावून दोन्ही बाजूंना हवा सारखी जातेय हे बघितलं. मग मी हात चोळून गरम केले. जानेवारीच्या पहाटे थंडगार बोट छातीवर ठेवलं की कोणीही दचकतं, आणि दचकण्यात दुखणं कळत नाही.

आधी उजवीकडून सुरुवात केली, जिथे दुखत नाही तिथून. एकाच बोटाच्या टोकाने, एकेक सांधा. मग डावीकडे दुसरी बरगडी. मग तिसरी. तिथे बोट टेकवलं आणि विचारलं, "ताई, हेच का ते दुखणं? दोन दिवस छळतंय ते?"

तिने माझं बोटच धरून ठेवलं. "हेच. हेच हाय बाई. हितंच बसलंय."

या एका प्रश्नासाठी आजचं हे सगळं लिहितेय. "इथे दुखतंय का?" असं आम्ही सगळेच विचारतो. पण जोर लावून दाबलं तर कुणाच्याही छातीत कुठे ना कुठे दुखतं. विचारायचं असतं ते, ज्या दुखण्यापायी माणूस घर सोडून दवाखान्यात आला, ते बोटाखाली सापडलं का. या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. ते कसं कळलं ते पुढे सांगते.

आधी थोडं या पिंजऱ्याबद्दल. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात आपापल्या कुर्चेने, म्हणजे हाडाच्या टोकाशी असलेल्या मऊ, लवचीक भागाने, छातीच्या मधल्या हाडाला जाऊन मिळतात, पुढच्या तिघी वरच्या कुर्चेच्या आधाराने राहतात, शेवटच्या दोन समोरून मोकळ्याच. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला 21,600 वेळा हा पिंजरा उघडतो आणि मिटतो. मनगट मुरगळलं तर हात झोळीत अडकवून ठेवता येतो. बरगडीला अशी सुट्टी देता येत नाही. त्यामुळे हाड आणि कुर्चा जुळतात तिथे एकदा का ठणका लागला, की तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. याला कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात. बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांत, एकापेक्षा जास्त जागी, आणि वरून काही दिसत नाही. ना सूज, ना लाली.

सूज दिसली तर वेगळा विचार. 1921 मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ इथल्या अलेक्झांडर टिट्झे या सर्जनने बरगडीच्या कुर्चेवरची अशी दुखरी सूज नोंदवली, ते टिट्झे सिंड्रोम. सहसा एकाच जागी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीवर. दोन्ही नावं आमच्यातही सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण बोटाला उंचवटा लागतो की नाही एवढं बघितलं तरी फरक कळतो. आपल्या देशात मात्र बरगडीवर सूज म्हटलं की टीबी आधी डोक्यात आला पाहिजे. बरगडीच्या टीबीचं गळू गरम लागत नाही, फारसं दुखतही नाही, आणि "टिट्झे असेल" म्हणून गोळ्या देत राहिलं तर महिने वाया जातात.

हे दुखणं किती जणांना असतं? 1994 साली अमेरिकेत इमर्जन्सीमध्ये छातीत दुखतंय म्हणून आलेल्या 122 जणांची तपासणी नोंदवली गेली. 36 जणांच्या बरगड्यांचे सांधे दुखरे निघाले. म्हणजे दहातले तीन. त्यांत बायका जास्त. हा आकडा शिकत असताना मला फार दिलासा देऊन गेला होता. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी तेव्हा नीट वाचलाच नाही: सांधे दुखरे असलेल्या त्या मंडळींतही सुमारे 6 टक्के लोकांना हार्ट अटॅकच होता. ज्यांचे सांधे दुखरे नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 28 टक्के. 28 वरून 6 वर येणं म्हणजे धोका खूप कमी होणं, यात शंका नाही. पण 6 म्हणजे शून्य नाही. बरगडी दुखली म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. एकाच माणसाच्या छातीत दोन्ही दुखणी शेजारी शेजारी राहू शकतात.

आता ते आठ वर्षांपूर्वीचं.

बावन्न वर्षांचे गृहस्थ, शेती आणि दुधाचा धंदा. आदल्या दिवशी मोटरसायकल वळणावर घसरली, हँडल छातीला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आले, "छातीत दुखतंय" म्हणाले. ईसीजी काढला, नीट होता. मी डाव्या बाजूला चौथ्या-पाचव्या बरगडीवर दाबलं आणि ते "आई गं" म्हणून मागे सरकले. खरचटलेलंही दिसत होतं. मला सगळं स्पष्ट वाटलं. केसपेपरवर "मुका मार" लिहिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दिवाळीनंतरची गर्दी होती, पण गर्दीवर ढकलण्यासारखं ते नाही. मी चुकले होते.

ते बाहेर बाकड्यावर बसून मुलगा औषधं घेऊन येण्याची वाट बघत होते. सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्यांचा शर्ट ओला झालाय बघा की. पंख्याखाली बसल्यात, तरी."

मी बाहेर जाऊन पाहिलं. कपाळावर, मानेवर घाम. ओठ पांढुरके. परत आत घेतलं, दुसरा ईसीजी काढला. पहिल्यानंतर फार तर पाऊण तास गेला असेल. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या लीडमध्ये एसटी, म्हणजे आलेखातला एक भाग, उचललेला स्पष्ट दिसत होता. हार्ट अटॅक. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, बाकीची औषधं दिली, कोल्हापूरला फोन केला आणि अँब्युलन्समध्ये मीच त्यांच्याबरोबर बसले. रस्त्यात त्यांनी मला सांगितलं, "कालपासनं दाबलं की दुखतंय ते येगळं. त्याला मी काय भीक घालत न्हवतो. आज दुपारपासनं आत कुणीतरी दगड ठेवल्यागत झालंय, म्हणून आलो."

दोन दुखणी. ते मला सांगायला तयार होते, मी विचारलंच नव्हतं. मी दाबलं, त्यांना दुखलं, आणि माझं उत्तर तयार झालं. "हेच का ते?" एवढं विचारलं असतं तर ते "न्हाई" म्हणाले असते. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, ते वाचले, अजूनही डेअरीच्या वाटेवर कधी भेटले की हात वर करतात. मी हात वर करते तेव्हा मला तो ओला शर्ट दिसतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ईसीजी आधी, बोट नंतर. पहिला ईसीजी नीट आणि शंका शिल्लक, तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, लागला तर तिसरा. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचं तसंच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून दुखायला लागल्यावर तासाभरात केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबून घरी पाठवत नाही. थांबवून घेते, काही तासांनी पुन्हा करते. नातेवाईक चिडतात, "एकदा केलं ना, परत कशाला पैसे?" चिडू देत. बसून समजावून सांगितलं की बहुतेक जण थांबतात.

आणि माणूस दुखणं कसं दाखवतो ते बघते. बरगडीचं दुखणं असलेला माणूस बहुधा एका बोटाने जागा दाखवतो. हृदयाचं दुखणं असलेला पुष्कळदा पंजा पसरतो किंवा मूठ छातीवर ठेवतो, त्याला जागा सापडत नाही. कूस बदलली, हात वर केला, खोकला आला की कळ येते का? की चढ चढताना, ओझं उचलताना येते आणि थांबल्यावर ओसरते? डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते का? जेवढं बोलणं काढाल तेवढं बरं. तरीही मधुमेही माणसं आणि बायका यांच्यात हृदयाचं दुखणं पुस्तकासारखं येतंच असं नाही. 2021 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी छातीच्या दुखण्याला "अटिपिकल" (नेहमीच्या लक्षणांत न बसणारं) म्हणणंच बंद करा असं सांगितलं, ते मला पटलं. त्या शब्दाच्या आडोशाने कितीतरी बायका घरी पाठवल्या गेल्या असतील.

गॅसबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल. छातीत दुखलं की गॅस, ढेकर आला की गॅस गेला, कमरेत एक इंजेक्शन घेतलं की बरं वाटलं. बरं वाटल्यावरून रोग ओळखता येत नाही. अँटासिडने हृदयाचं दुखणंही थोडा वेळ उतरल्यासारखं वाटू शकतं, आणि जिभेखालच्या गोळीने अन्ननलिकेचं दुखणंही थांबू शकतं. कृपा करून घरी असले प्रयोग करत रात्र काढू नका.

एकदा माझ्या मावशीने फोनवर सांगितलं की डाव्या बरगडीखाली तीन दिवस आग होतेय, साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. तिथल्या तिथे ईसीजी काढून घेतला होता, तो नीट. मी म्हटलं, रोज आरशात बघत जा. चौथ्या दिवशी पट्ट्यासारखे फोड उठले. नागीण. फोड येण्याआधीचे ते दिवस माणसाला आणि डॉक्टरला दोघांनाही चकवतात.

आणि माझा भाचा, तेरा वर्षांचा. अभ्यासाला वाकून बसला असताना छातीच्या डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ, श्वास अर्ध्यावर धरून ठेवायचा, मिनिटाभरात सगळं साफ. घरात रडारड. याचं वर्णन मिलर आणि टेक्सिडॉर या डॉक्टरांनी 1955 मध्ये करून ठेवलंय. वाढत्या वयाच्या मुलांत दिसतं आणि आपोआप सुटतं. पण पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर मूल लहान आहे म्हणून सोडायचं नाही, हेही त्याच्या आईला, माझ्या बहिणीला, सांगितलं.

आता पुन्हा त्या पहाटेकडे. दुखणं सापडलं, ट्रोपोनिन केलं तेही निगेटिव्ह. दुखून दोन दिवस झाले होते, त्यामुळे त्या निगेटिव्हला वजन होतं. मी आधी म्हणायचे तसं "काही नाही, स्नायूचं आहे" म्हणून कागद हातात देता आला असता. पण "काही नाही" हे शब्द मी आता वापरत नाही. दुखतंय त्याला "काही नाही" म्हटलं की माणूस घरी जातो, रात्री पुन्हा कळ येते, आणि त्याला वाटतं डॉक्टरला कळलंच नाही. 1994 च्या त्या अभ्यासात सांधे दुखरे निघालेल्यांना वर्षभराने पुन्हा विचारलं तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्यांना छातीत दुखणं होतंच. म्हणजे पुन्हा दुखणार, हे आजच सांगून ठेवायला हवं.

मी तिचंच बोट त्या जागेवर ठेवलं. म्हटलं, "ताई, हे बघ, इथे बरगडीचं हाड आणि मऊ कुर्चा जुळतात. तिथे ताण बसलाय. तुझं काळीज याच्या आत आहे, त्याची पट्टी काढली, रक्त बघितलं, ते चांगलं चाललंय. असंच, इथेच, दाबल्यावर दुखलं तर घाबरू नकोस. पण घाम फुटला, दम लागला, हातात-जबड्यात गेलं, छाती दाबल्यागत झाली, तर लगेच यायचं. रात्र बघायची नाही." तिने स्वतः दाबून बघितलं. चेहरा उतरला होता तो थोडा सैल झाला. नवऱ्याला म्हणाली, "काळीज न्हाई वो. बरगडी हाय."

पॅरासिटामॉल दिली, जेवणानंतर घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या थोड्याच दिल्या, कारण फडावरचं जेवण दुपारी कधी होईल याचा नेम नाही आणि उपाशीपोटी त्या गोळ्या जठर सोलतात. शेक द्यायला सांगितलं. आणि मग म्हणाले, आठ-दहा दिवस कोयता आणि मोळी बंद.

दोघं गप्प. मग तो म्हणाला, "खाडा पडतो म्याडम. उचल घेतल्याली हाय दोघांच्या नावानं."

नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच टोळीत मोजणी. एक जण बसला की अर्धा कोयता, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. मी बरगडीचं दुखणं शोधलं होतं, पण ते ज्यातून उठलं ते काम पहाटे सहाला पुन्हा सुरू होणार होतं. मला काय सुचलं, तर मोळी लहान बांधा, डोक्यावर तो घेईल, तू सोलायचं आणि बांधायचं काम घे, डाव्या हाताने ऊस हिसकून ओढू नकोस. यात इलाज किती आणि तडजोड किती, मला सांगता येत नाही. त्याने मान डोलावली. पोर जागं होऊन रडायला लागलं होतं, तिने उजव्या कडेवर घेतलं.

मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, ती परत आली. या वेळी दिवसा, आणि एकटी नाही. टोळीतल्याच एका चाळिशीतल्या बाईला हाताला धरून आणलं होतं. "म्याडम, हिच्या बी छातीत दुखायलंय," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत त्या बाईच्या छातीवर नेमकं एक बोट ठेवून दाखवलं. "हितं. माझ्यावानीच हाय का बघा की."

"बघते," मी म्हटलं, आणि सिस्टरना आधी ईसीजी लावायला सांगितला.